कव्हिट : कशावर तरी ‘डोळा असणं’ इंग्रजीत नीट सांगायचं कसं

स्पर्धा परीक्षांच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत ‘कव्हिट’ या इंग्रजी क्रियापदासमोर बहुतेक वेळा एकच अर्थ छापलेला असतो: लोभ धरणे. विद्यार्थी तो पाठ करतात, पर्यायांतून बरोबर उत्तरही निवडतात. मग निबंधात तोच शब्द वापरायची वेळ आली की ‘आय कव्हिट फॉर आइस्क्रीम’ असं वाक्य उतरतं. अर्थ पाठ आहे, पण शब्द हाती आलेला नाही. एमपीएससी, बँका, आयईएलटीएस यांची तयारी करणाऱ्यांसाठी आणि बातम्या किंवा लेख भाषांतरित करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शब्द हाती यावा म्हणून उच्चारापासून सुरुवात करून शेवटी सरावाच्या वाक्यांपर्यंत जाऊ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘कव्हिट’ला मराठीत सगळ्यांत जवळचा शब्दप्रयोग ‘लोभ धरणे’ हा नाही. तो आहे ‘डोळा असणं’. ‘त्याचा त्या जमिनीवर डोळा आहे’ या वाक्यात जे जे येतं, ते जवळजवळ सगळं या एका इंग्रजी शब्दात आहे. हे एकदा मनात बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग सी-ओ-व्ही-ई-टी. त्यातला ‘ओ’ बघून आपण ‘कोव्हेट’ म्हणतो. उच्चार मात्र ‘कव्हिट’ असा आहे आणि जोर पहिल्या ‘क’वर. लव्ह, ग्लव्ह, अबव्ह, अव्हन, कव्हर या सगळ्या शब्दांत लिहिताना ‘ओ’ आहे आणि बोलताना ‘अ’. मध्ययुगात हाताने पोथ्या लिहिणारे लेखनिक व्ही, एम, एन अशा उभ्या रेघांच्या अक्षरांशेजारी ‘यू’ लिहायचं टाळत, कारण रेघांची गर्दी होऊन अक्षर लागत नसे. तिथे ते ‘ओ’ लिहीत. उच्चार तसाच राहिला. म्हणून ‘कव्हिट’ हा शब्द ‘कव्हर’च्या रांगेत बसवून लक्षात ठेवा.

जोर पहिल्या अवयवावर आहे, याचा स्पेलिंगशीही संबंध आहे. भूतकाळी रूप करताना ‘टी’ दुप्पट होत नाही. ॲडमिट आणि रिग्रेट यांत जोर शेवटी, म्हणून तिथे ॲडमिटेड, रिग्रेटेड लिहिताना दोन टी. व्हिजिट, एडिट, लिमिट यांत जोर सुरुवातीला, म्हणून एकच टी. कव्हिट या दुसऱ्या गटातला. विशेषण ‘कव्हिटस’; त्याच्या शेवटी ओ-यू-एस एवढंच, मध्ये ‘आय’ घुसवायचा नाही.

आणखी एक गोंधळ परीक्षेत हमखास होतो. सी-ओ-व्ही-ई-आर-टी म्हणजे ‘कव्हर्ट’, अर्थ छुपा, गुप्त. एका ‘आर’ने शब्द पार बदलतो. ‘कव्हर्ट ऑपरेशन’ म्हणजे गुप्त मोहीम; लोभाचा तिथे काही संबंध नाही.

दुसरी पायरी: शब्दाच्या पोटातल्या तीन अटी

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळं मर्म इथे आहे.

‘कव्हिट’ वापरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, ज्याची इच्छा आहे ती गोष्ट ठरावीक आहे का? दुसरं, ती आपली नाही, सहसा दुसऱ्या कुणाची आहे, असं आहे का? तिसरं, इच्छा मनाला लागून राहण्याइतकी तीव्र आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर हा शब्द बेलाशक वापरा. एकाचं जरी ‘नाही’ असेल तर दुसरा शब्द शोधा.

विश्वामित्र आणि वसिष्ठ यांची गोष्ट घ्या. विश्वामित्र तेव्हा ऋषी नव्हते, राजा होते. सैन्यासह ते वसिष्ठांच्या आश्रमात आले. वसिष्ठांच्या कामधेनूने, रामायणात तिचं नाव शबला आहे, सगळ्या सैन्याला पंचपक्वान्नांचं जेवण घातलं. जेवून तृप्त झालेल्या राजाची नजर त्या गाईवर गेली आणि तिथेच खिळली. इंग्रजीत हा क्षण असा लिहायचा: ‘विश्वामित्र कव्हिटेड वसिष्ठाज काऊ.’ तिन्ही अटी पुऱ्या होतात. गाय ठरावीक आहे, कुठलीही गाय नव्हे. ती दुसऱ्याची आहे. आणि राजाच्या मनातून ती जाईना.

आता पुढे बघा. राजाने तिच्या बदल्यात एक लाख गाई देऊ केल्या. त्याला गाईंची हाव असती तर स्वतःच्या लाखभर गाई द्यायला तो तयारच झाला नसता. त्याला तीच एक हवी होती. म्हणून इथे ‘ग्रीड’ हा शब्द ढिला पडतो आणि ‘कव्हिट’ नेमका बसतो. वसिष्ठांनी नकार दिला तेव्हा राजाने गाय जबरदस्तीने न्यायला सुरुवात केली. या क्षणाला क्रियापद बदलतं: ‘ही ट्राइड टु सीझ हर.’ कव्हिट करणं संपलं आणि बळकावणं सुरू झालं.

‘मला आइस्क्रीमची फार इच्छा झाली’ या वाक्याला आता हे तीन प्रश्न लावून बघा. आइस्क्रीम ठरावीक नाही, कुणाचं नाही, आणि ही इच्छा खाल्ल्यावर संपणारी आहे. म्हणजे ही तल्लफ झाली. तिला ‘क्रेव्ह’ किंवा ‘हॅव अ क्रेव्हिंग फॉर’ म्हणतात.

तिसरी पायरी: हे क्रियापद मनातलं आहे, हातातलं नाही

‘कव्हिट’ हा शब्द इंग्रजी माणसाच्या कानात ज्या वाक्यामुळे कायमचा बसला ते वाक्य बायबलमधलं आहे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स भाषांतरात दहा आज्ञांपैकी शेवटची आज्ञा सुरू होते ती अशी: ‘दाऊ शॅल्ट नॉट कव्हिट दाय नेबर्स हाऊस.’ पुढे शेजाऱ्याची बायको, नोकर, बैल, गाढव आणि शेजाऱ्याचं जे जे काही असेल ते, अशी यादी येते. यादीतली प्रत्येक गोष्ट शेजाऱ्याची आहे. आपली दुसरी अट इथून आली. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक घरांत ही आज्ञा दोन भागांत शिकवतात: नववी शेजाऱ्याच्या पत्नीविषयी आणि दहावी त्याच्या मालमत्तेविषयी. प्रॉटेस्टंट पंथांत बहुतेक ठिकाणी ती एकच, दहावी.

पण जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ‘चोरी करू नको’ ही आज्ञा आधीच स्वतंत्रपणे येऊन गेलेली आहे. मग ही आज्ञा कशाला? कारण चोरी हाताने होते आणि कव्हिट मनात होतं. कुणाच्या वस्तूला बोटही न लावता माणूस ती वर्षानुवर्षं कव्हिट करू शकतो. भाषांतर करताना हे विसरलं तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘बिल्डर कव्हिटेड द प्लॉट’ याचं भाषांतर ‘बिल्डरने भूखंड लाटला’ असं केलं तर तुम्ही त्या माणसावर न केलेल्या गुन्ह्याचा आरोप केलात. बातमीत ही चूक महागात पडेल. ‘बिल्डरचा त्या भूखंडावर डोळा होता’ इतकंच म्हणा. लाटणं, बळकावणं, हडपणं यांना इंग्रजीत ग्रॅब, सीझ, यूसर्प असे वेगळे शब्द आहेत.

आपल्याकडे हाच विचार ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात आहे: ‘मा गृधः कस्यस्विद्धनम्’. कोणाच्याही धनाची अभिलाषा धरू नकोस. इंग्रजी भाषांतरांत या ओळीसाठी ‘डू नॉट कव्हिट’ ही शब्दयोजना वारंवार दिसते, आणि ती मला अगदी चपखल वाटते. ‘गृध्’ या धातूपासूनच ‘गृध्र’ आणि त्यापासून आपलं ‘गिधाड’ आलं. काही जण ही ओळ दोन तुकड्यांत वाचतात: ‘अभिलाषा धरू नकोस, धन आहे तरी कुणाचं?’ कसंही वाचलं तरी बंदी मनातल्या ओढीवर आहे, हाताच्या कृतीवर नाही.

कोहिनूरचा इतिहास लिहिताना या फरकाचा चांगला सराव होतो. ‘द कोहिनूर वॉज कव्हिटेड बाय रूलर आफ्टर रूलर’, म्हणजे एकामागून एक सत्ताधीशांचा त्या हिऱ्यावर डोळा होता. पण 1739 साली नादिरशहाने तो दिल्लीहून नेला तिथे ‘टुक’ किंवा ‘लूटेड’ म्हणायचं. 1813 साली महाराजा रणजितसिंहांनी तो शाह शुजाकडून मिळवला तिथे ‘ॲक्वायर्ड’ किंवा ‘एक्स्ट्रॅक्टेड’. 1849 साली लाहोरच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला तिथे ‘वॉज सरेंडर्ड’. प्रत्येक हस्तांतराच्या आधी कुणीतरी तो कव्हिट केला होता, पण हस्तांतर म्हणजे कव्हिट करणं नव्हे.

चौथी पायरी: ‘लोभ’ जपून वापरा

मराठीत ‘लोभ’ या शब्दाला दोन तोंडं आहेत. षड्रिपूंत काम, क्रोध यांच्यानंतर येणारा लोभ वाईट. पण ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असं आपल्या आजोबा-पणजोबांनी पत्रांच्या शेवटी लिहिलं तेव्हा ते माया मागत होते. ‘लोभस’ चेहरा कुणाला वाईट वाटत नाही. याची मुळं खोल आहेत: संस्कृतातला ‘लुभ्’ हा धातू आणि इंग्रजीतला ‘लव्ह’ हे एकाच आद्य धातूपासून निघालेले शब्द मानले जातात. आपल्या भाषेने माया आणि हाव ही दोन्ही टोकं एकाच शब्दात जपून ठेवली आहेत, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

भाषांतर करणाऱ्याला मात्र यामुळे दोन्ही बाजूंनी सावध राहावं लागतं. जुन्या पत्रातल्या ‘लोभ असावा’चं इंग्रजी करताना ग्रीड किंवा कव्हिट यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, तिथे ‘अफेक्शन’ आहे. उलट ‘कव्हिट’चं मराठी करताना धार्मिक किंवा नैतिक मजकूर असेल तर ‘लोभ धरणे’, ‘अभिलाषा धरणे’ शोभतं, आणि मराठी बायबलातही या आज्ञेसाठी ‘लोभ धरू नको’ अशीच भाषा आहे. रोजच्या, बातमीच्या, कथेच्या मजकुरात मात्र ‘डोळा असणं’, ‘नजर असणं’, ‘मनात भरणं’ यांतून निवडा. ‘मनात भरलं’ हे सगळ्यांत सौम्य, ‘नजर आहे’ मधलं आणि ‘डोळा आहे’ या शब्दांत संशय आलाच. मूळ लेखकाला कितपत दोष द्यायचा आहे, ते बघून ठरवा.

पाचवी पायरी: वाक्य बांधताना

कव्हिट सकर्मक आहे आणि त्याला थेट कर्म लागतं. मध्ये ‘फॉर’ नको, ‘टु’ नको, ‘ऑन’ तर नकोच. मराठीत ‘जमिनीवर डोळा’ असं ‘वर’ येतं, म्हणून ‘कव्हिट ऑन द लँड’ लिहायचा मोह होतो. बरोबर वाक्य: ‘ही कव्हिट्स हिज ब्रदर्स लँड.’

‘फॉर’ कुठे येतं? नामांपुढे आणि काही वेगळ्या क्रियापदांपुढे: ग्रीड फॉर पॉवर, लस्ट फॉर पॉवर, हंगर फॉर फेम, लाँग फॉर, यर्न फॉर. ‘ग्रीडी’ या विशेषणापुढेही ‘फॉर’. पण ‘कव्हिटस’, ‘एन्व्हियस’ आणि ‘जेलस’ या तिघांपुढे ‘ऑफ’ येतं: ‘ही वॉज कव्हिटस ऑफ हिज नेबर्स ऑर्चर्ड.’ दुसऱ्याच्या गोष्टीकडे बघणाऱ्या या विशेषणांना ‘ऑफ’, आणि स्वतःच्या भुकेविषयी बोलणाऱ्या शब्दांना ‘फॉर’. व्याकरणाचा हा काही शास्त्रोक्त नियम नाही, पण परीक्षेत रिकाम्या जागा भरताना उपयोगी पडतो.

काळाकडेही लक्ष द्या. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना ‘इज’ लावून ‘आयएनजी’ जोडायला फार पटकन धावतो. ‘ही इज कव्हिटिंग माय सीट’ हे ऐकायला विचित्र लागतं, कारण कव्हिट ही वॉन्ट आणि एन्व्हीसारखी मनाची स्थिती आहे, चालू असलेली कृती नाही. साधा वर्तमानकाळ वापरा. आणि मराठीत ‘कधीपासून डोळा आहे’ म्हणताना जो ‘कधीपासून’ येतो, त्याच्यासाठी इंग्रजीत एक छान तयार सोय आहे: ‘हॅज लाँग कव्हिटेड’. ‘शी हॅज लाँग कव्हिटेड दॅट पोस्ट’, म्हणजे त्या पदावर तिची कधीपासून नजर आहे. ‘लाँग’ हॅज आणि क्रियापद यांच्या मध्ये बसतो, शेवटी नाही. मनातल्या मनात असेल तर ‘सीक्रेटली कव्हिटेड’.

नामाची अडचण आहे. ‘हिज कव्हिट’ असं काही नसतं. नाम ‘कव्हिटसनेस’ आहे, पण ते प्रवचनी वाटतं. आजच्या लिखाणात ते क्वचितच शोभतं. नाम हवंच असेल तर वाक्याची मोडणी बदला आणि क्रियापदानेच काम भागवा. कव्हिटस हे विशेषण सगळ्यांत जास्त डोळ्यांबरोबर येतं: ‘कास्ट कव्हिटस आइज ऑन’. बघा, तिथेही डोळाच आला.

सहावी पायरी: ‘कव्हिटेड’ म्हटलं की दोष गळून पडतो

वर्तमानपत्र उघडलं तर मूळ क्रियापदापेक्षा ‘कव्हिटेड’ हे विशेषण कितीतरी जास्त दिसतं, आणि तिथे सगळा रंगच पालटतो. ‘द कव्हिटेड अवॉर्ड’ म्हणजे लोभी माणसाचा पुरस्कार नव्हे. ज्याची सगळ्यांनाच आस असते, असा मानाचा पुरस्कार. कुणालाही दोष नाही, उलट गौरव आहे. क्रियापदात कर्ता असतो म्हणून दोष त्याच्यावर जातो. विशेषणात कर्ता गायब होतो, उरते ती वस्तू आणि तिची किंमत.

म्हणून ‘कव्हिटेड’ला मराठीत मानाचा, प्रतिष्ठेचा, बहुमानाचा हेच शब्द घ्या. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ही ‘द कव्हिटेड सिल्व्हर मेस’. मराठीत मानाची गदा. ज्ञानपीठ पुरस्कार, जो मराठीत वि. स. खांडेकर (1974), कुसुमाग्रज (1987), विंदा करंदीकर (2003) आणि भालचंद्र नेमाडे (2014) यांना मिळाला, तो ‘द कव्हिटेड ज्ञानपीठ अवॉर्ड’. याचं भाषांतर ‘लोभनीय पुरस्कार’ असं केलेलं वाचलं की मला वाईट वाटतं. मराठीत लोभनीय म्हणजे दिसायला मोहक. एखादं फूल लोभनीय असतं, ज्ञानपीठ नाही.

घर, नोकरी, शाळेतला प्रवेश यांच्यासाठी ‘मानाचा’ बसत नाही. ‘अ कव्हिटेड सीट इन मेडिकल कॉलेज’ म्हणजे ‘मेडिकलची ती जागा, जिच्यासाठी झुंबड उडते’ किंवा नुसतं ‘हवीहवीशी जागा’. जोर द्यायचा असेल तर मच-कव्हिटेड, हायली कव्हिटेड, मोस्ट कव्हिटेड ही रूपं चालतात. व्हेरी कव्हिटेड टाळा.

मित्रांमध्ये क्रियापदही सौम्य होतं. कुणाच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून ‘आय कव्हिट युअर बुकशेल्फ’ म्हटलं तर ती दाद असते, आपण ‘हेवा वाटतो बाई तुझा!’ म्हणतो तशी. पण ही सूट जवळच्या माणसांत. अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ‘आय कव्हिट धिस पोझिशन’ लिहू नका. तिथे बसलेल्या माणसाची खुर्ची तुम्हाला हवी आहे असा अर्थ होईल. ‘ॲस्पायर टु’ लिहा.

सातवी पायरी: भावकीतले शब्द

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या शतकांत दरबाराची, चर्चची फ्रेंच भाषा इंग्रजीत उतरली. कव्हिट आणि ॲव्हरिस हे त्या वाटेने आलेले शब्द. ‘ग्रीडी’ मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला. ‘ग्रीड’ हे नाम त्याच्यापासून नंतर, 1600 च्या सुमारास काढलं गेलं. म्हणून आजही ग्रीड घरगुती आणि ठोस वाटतो, तर ॲव्हरिस ग्रांथिक.

ग्रीड म्हणजे हाव: किती मिळालं तरी पुरत नाही ती. तिला ठरावीक वस्तू लागत नाही. खाण्यापासून सत्तेपर्यंत कशाचीही चालते. ग्रीडी मुलगा म्हणजे हावरट किंवा अधाशी.

ॲव्हरिस ही फक्त धनाची आणि साठवून ठेवण्याची हाव. विशेषण ॲव्हरिशस, आणि इथे ‘आय’ येतो. पोप ग्रेगरी पहिला याने सहाव्या शतकाच्या अखेरीस महापापांची जी यादी घालून दिली, तिच्यावरून रूढ झालेल्या सात महापापांत ॲव्हरिस आहे. एन्व्ही (मत्सर), लस्ट (काम), ग्लटनी (खादाडपणा) तिथे वेगवेगळी मोजली आहेत, जसे आपण लोभ, मत्सर आणि काम वेगळे मोजतो. कंजूषपणा म्हणजे ॲव्हरिस नव्हे. खर्च न करणारा तो मायझर. ॲव्हरिशस माणसाला आणखी हवं असतं.

क्यूपिडिटी, म्हणजे धनाची तीव्र हाव, हा शब्द परीक्षेबाहेर फारसा भेटत नाही. लॅटिन ‘कूपिदितास’पासून तो सरळ आला, आणि त्याच लॅटिन शब्दाचं फ्रेंचांच्या तोंडी घासून झालेलं रूप म्हणजे कव्हिट. प्रेमाचा रोमन देव क्यूपिड त्याच घराण्यातला. म्हणजे इकडे ‘लोभ’ आणि ‘लव्ह’ एका मुळाचे, तिकडे क्यूपिड आणि क्यूपिडिटी. षड्रिपूंतला पहिला काम आणि मदनाचं नाव कामदेव, हेही आठवावं.

एन्व्ही आणि कव्हिट यांत सगळ्यांत जास्त घसरायला होतं. एन्व्हीची नजर मुख्यतः माणसाकडे असते, कव्हिटची वस्तूकडे. राजसूय यज्ञानंतर इंद्रप्रस्थाचं वैभव बघून दुर्योधन जळफळत परतला: ‘दुर्योधन एन्व्हीड द पांडवाज.’ त्यांचं राज्य त्याला हवं होतं: ‘ही कव्हिटेड देअर किंगडम.’ एकाच माणसाच्या एकाच दुपारच्या दोन भावना, पण क्रियापदं दोन. जेलस तिसराच: जे आपलं आहे ते दुसरा नेईल या धास्तीतून येणारा. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूसही जेलस आणि एन्व्हियस सरमिसळ करतो; परीक्षेत करू नका.

विरुद्धार्थी शब्द विचारले तर कव्हिटला रिनाउन्स किंवा रिलिंक्विश (त्यागणे, सोडून देणे), कव्हिटसला कंटेंट (समाधानी) आणि ॲव्हरिशसला जेनरस (उदार), अशा जोड्या लावा.

आठवी पायरी: हात चालवून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढचं वाचा.

‘काकांचा आजोबांच्या विहिरीवर कधीपासून डोळा आहे.’ ठरावीक विहीर, दुसऱ्याची, जुनी ओढ. ‘माय अंकल हॅज लाँग कव्हिटेड ग्रँडफादर्स वेल.’

‘पैशाची हाव माणसाला आंधळं करते.’ इथे ठरावीक काहीच नाही. ‘ग्रीड फॉर मनी ब्लाइंड्स पीपल.’ ग्रीडच्या आधी ‘अ’ नको. हे नाम मोजता येत नाही.

‘त्याने शेजाऱ्याचा बांध कोरून जमीन लाटली.’ हात चालला, म्हणजे कव्हिट संपलं. ‘ही ग्रॅब्ड हिज नेबर्स लँड’ आणि बांध कोरण्याचा तपशील त्याला जोडून द्या, म्हणजे शहरी वाचकालाही प्रकार कळेल.

‘आमच्यावर असाच लोभ असू द्या.’ यात हाव कुठेच नाही. शब्दाला शब्द ठेवू नका. औपचारिक पत्रात ‘वी होप टु रिमेन इन युअर अफेक्शन’ एवढं पुरे.

‘तिने अखेर ती मानाची ट्रॉफी पटकावली.’ ‘शी फायनली वन द कव्हिटेड ट्रॉफी.’ ‘पटकावली’ला ग्रॅब्ड लिहायचा मोह होईल, खेळाच्या बातमीत तेही खपतं, पण कव्हिटेडच्या शेजारी वन जास्त शोभतं.

‘दुकानाच्या काचेआडच्या बॅटकडे पोरगं आशाळभूत नजरेनं बघत होतं.’ शब्दकोश उघडला तर ‘कव्हिटसली’ सापडेल, आणि तिन्ही अटीही पुऱ्या होतात: बॅट ठरावीक आहे, पोराची नाही, आणि त्याला ती फार हवी आहे. तरीही तो शब्द लावू नका. ‘आशाळभूत’ या शब्दात बोलणाऱ्याला त्या पोराविषयी कणव आहे, आणि कव्हिटसली त्या पोरावर ठपका ठेवतं. ‘द बॉय वॉज गेझिंग लाँगिंगली ॲट द बॅट बिहाइंड द ग्लास’ असं लिहा.